ओनोरे दोमिये : दगडावर शहर रेखाटणारा माणूस

कॅडेट मित्रांनो, आपल्या अंकाच्या मराठी पानावर बहुधा सेनापतींची आणि वीरांची चरित्रे येतात, आणि ती यायलाच हवीत. या वेळी संपादकांच्या परवानगीने मी एका चित्रकाराचे चरित्र सांगणार आहे. त्याचे नाव ओनोरे दोमिये. तो फ्रेंच होता, एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहरात राहिला आणि जवळजवळ चाळीस वर्षे आठवड्याला सरासरी दोन या वेगाने त्या शहराची विनोदी छापचित्रे काढत राहिला. घरमालक आणि भाडेकरू, वकील आणि अशील, आगगाडीतले प्रवासी, पावसात छत्री उलटलेले गृहस्थ असे त्याचे विषय. अशा माणसाचे सैनिकी शाळेत काय काम, असे पालकांपैकी कोणाला वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या मध्यावर येईल, कारण त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या चित्राचा संबंध सैनिकांशीच आहे.

दोमियेचा जन्म २६ फेब्रुवारी १८०८ रोजी मार्सेय या बंदराच्या शहरात झाला. वडील काचकाम करत. खिडक्यांना काचा बसवणे, चित्रांना चौकटी करणे हा त्यांचा धंदा. पण त्यांना कवितेचा नाद होता. आपण मोठे कवी होणार या आशेने त्यांनी धंदा सोडला आणि पॅरिस गाठले. १८१६ मध्ये बायकामुलेही तिकडे गेली. कवितेवर घर चालले नाही. त्यामुळे ओनोरेला बारा-तेराव्या वर्षीच कामाला लागावे लागले. तुमच्यापैकी सातवी-आठवीतल्या मुलांचे जे वय, त्या वयात तो कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्याचे काम करत होता. पुढे एका पुस्तकविक्रेत्याकडे राहिला. कोर्टाच्या पायऱ्यांवर ताटकळणारी माणसे, काळे झगे फडकवत जाणारे वकील, दुकानात येणारी-जाणारी गिऱ्हाइके हे सगळे त्याने या नोकऱ्यांत पाहिले. शाळा फारशी झाली नाही, पण डोळ्यांचे शिक्षण भरपूर झाले. पुढे चित्रकलेचे थोडे शिक्षण मिळाले आणि त्याबरोबर तो एक नवी विद्या शिकला. ती म्हणजे दगडावरची छपाई.

ही विद्या थोडी समजावून सांगतो, कारण तिच्याशिवाय दोमिये समजणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मराठीत तिला शिळाछाप म्हणत. जबलपुरातल्या जुन्या मराठी घरांत एखादी आडवी, पिवळी पडलेली पोथी असेल तर ती नीट पाहा. बऱ्याचशा अशा पोथ्या शिळाप्रेसवर छापलेल्या असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या अलॉइस झेनेफेल्डर याने ही रीत शोधून काढली. तो नाटके लिहीत असे आणि ती स्वस्तात छापण्याचा मार्ग शोधत होता. बव्हेरियातल्या झोलेनहोफेनच्या खाणीतला अगदी बारीक कणांचा चुनखडीचा दगड घ्यायचा, तो घासून सपाट करायचा आणि त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग त्यावर डिंकाचे पाणी आणि किंचित आम्ल फिरवायचे. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरून ठेवते, तेलकट रेघ पाणी झटकते. आता शाईचा रूळ फिरवला तर शाईही तेलकट असल्यामुळे फक्त रेघांवर बसते. वर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की चित्र उतरले. त्यात कोरीवकाम काहीच नाही. तेल आणि पाणी यांचे पटत नाही, एवढ्याच गोष्टीवर सारा कारभार चालतो.

भेडाघाटचा संगमरवर आपल्याला माहीत आहे. तोही मुळात चुनखडीच्याच कुळातला, पण पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून त्याचे स्फटिक मोठे झालेले. म्हणून तो मूर्ती घडवायला चांगला. छपाईच्या दगडाला मात्र तशी आच लागलेली नसते. त्याचे कण इतके बारीक असतात की खडूची हलकीशी छटाही त्यावर टिकते. वर्गात मी कॅडेटांना कागदावर खडूने रेघ मारायला लावतो, तेव्हा दोमियेच्या रेघेची गंमत त्यांना थोडी कळते. कागदावर आपण काढतो तसेच त्याला दगडावर काढता येत होते. फरक एवढाच, की छापल्यावर उजवे ते डावे होत असे.

या विद्येमुळे एक मोठी गोष्ट घडली. लाकडावर किंवा तांब्यावर कोरून चित्र छापायला कारागिराचे कितीतरी दिवस जात. दगडावर संध्याकाळी काढलेले चित्र लगेच छापायला घेता येई. म्हणजे चित्र बातमीच्या वेगाने धावू लागले. आपल्याकडेही ती लवकर आली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. नेमक्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये तेवीस वर्षांचा दोमिये एका चित्रापायी अडचणीत आला.

त्याची हकीकत अशी. जुलै १८३० मध्ये पॅरिसच्या लोकांनी तीन दिवसांच्या उठावात राजा दहावा शार्ल याला घालवले. त्याच्या जागी लुई-फिलीप आला. तो स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवत असे. वृत्तपत्रांना स्वातंत्र्य देण्याचे वचनही मिळाले होते. त्या भरवशावर शार्ल फिलिपाँ या धडाडीच्या माणसाने ‘ला कारिकातूर’ नावाचे सचित्र साप्ताहिक काढले आणि तरुण चित्रकारांना गोळा केले. दोमिये त्यांत होता. राजाचा चेहरा वर निमुळता आणि खाली गालांशी फुगीर होता. फिलिपाँने त्याचे रूपांतर नासपतीच्या फळात केले. फ्रेंच बोलीत या फळाच्या नावाचा अर्थ भोळसट, बावळट असाही होतो. आपण एखाद्याला भोपळा म्हणावे तसे. पाहता पाहता पॅरिसच्या भिंतींवर पोरांनी खडूने नासपती काढायला सुरुवात केली.

दोमियेने याच्याही पुढे मजल मारली. जुन्या फ्रेंच कथेत गार्गांतुआ नावाचा अगडबंब खादाड राक्षस आहे. १८३१ च्या डिसेंबरात दोमियेने राजाला त्या राक्षसाच्या रूपात दाखवले. राजा सिंहासनावर बसला आहे. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी लावली आहे. खाली फाटक्या कपड्यांतली गरीब माणसे आपली नाणी टोपल्यांत टाकत आहेत आणि हमाल त्या टोपल्या फळीवरून वर नेऊन राजाच्या तोंडात रिकाम्या करत आहेत. सिंहासनाखालून मानाच्या पदव्या आणि नेमणुकांचे कागद बाहेर पडत आहेत, ते झेलायला मर्जीतल्या लोकांची झुंबड उडाली आहे. करांचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावे असे ते चित्र होते. सरकारला तेच झोंबले. चित्रकार, मुद्रक आणि प्रकाशक यांच्यावर खटला झाला. दोमियेला सहा महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. सुरुवातीला तिची अंमलबजावणी झाली नाही. पण त्याचा हात थांबेना, तेव्हा ऑगस्ट १८३२ मध्ये त्याला पकडून सेंत-पेलाजीच्या तुरुंगात टाकले. तो सुटला फेब्रुवारी १८३३ मध्ये.

त्याच सुमाराचे त्याचे आणखी एक काम मला फार आवडते. फिलिपाँच्या सांगण्यावरून त्याने त्या काळच्या खासदारांचे आणि बड्या लोकांचे लहान लहान अर्धपुतळे कच्च्या मातीत घडवले आणि रंगवले. त्यांपैकी ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. कोणाचे नाक पोपटाच्या चोचीसारखे, कोणाची हनुवटी छातीत बुडालेली, कोणी बसल्या जागी पेंगणारा. हे लोक त्याच्यासमोर बसायला थोडेच येणार होते! तो त्यांना पाहून येई आणि आठवणीने माती घडवी. आपल्याकडे फील्डक्राफ्टच्या तासाला टेबलावर वस्तू मांडून, क्षणभर दाखवून, झाकून टाकतात आणि मग तुम्हाला यादी करायला सांगतात. तो खेळ दोमिये आयुष्यभर खेळला. समोर नमुना बसवून चित्र काढणे त्याला जमत नसे म्हणा किंवा नको असे म्हणा. पाहिलेले पक्के स्मरणात ठेवायचे आणि मग त्यातले महत्त्वाचे तेवढेच काढायचे, ही त्याची रीत होती.

आता त्या चित्राकडे येतो. एप्रिल १८३४ मध्ये लिऑन शहरात रेशीम विणणाऱ्या कामगारांचा उठाव झाला आणि त्याचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले. गल्लीबोळांत अडथळे उभे राहिले. १४ एप्रिलच्या रात्री आणि १५ च्या पहाटे सैन्य ते अडथळे हटवत होते. त्रान्सनोनें नावाच्या गल्लीत एका अधिकाऱ्याला गोळी लागली. गोळी १२ क्रमांकाच्या घरातून आली असे समजून सैनिक त्या घरात घुसले आणि समोर येईल त्याला मारत गेले. मेलेल्यांत झोपेतून उठलेले सामान्य भाडेकरू होते.

दोमियेने काढलेल्या चित्राचे नावच ‘त्रान्सनोनें गल्ली, १५ एप्रिल १८३४’ असे आहे. नाव म्हणजे पत्ता आणि तारीख, जशी अहवालात असते. एक साधी खोली आहे. अंथरूण अर्धे खाली ओढले गेले आहे, खुर्ची उलटली आहे. रात्रीचा सदरा आणि टोपी घातलेला एक माणूस पलंगाला टेकून कोसळला आहे. त्याच्या अंगाखाली एक तान्हे मूल चिरडून मेले आहे. अंधारात एक बाई पडली आहे, दुसऱ्या कडेला एका म्हाताऱ्याचे डोके तेवढे दिसते. या चित्रात एकही सैनिक नाही. बंदूक नाही, धूर नाही, कोणाचा आक्रोश नाही. व्यंगचित्रकाराने येथे हसणे पूर्ण बाजूला ठेवले आहे. जे घडून गेले ते त्याने उरलेल्या खोलीतून दाखवले.

फिलिपाँने आपल्या पत्रांचे दंड भरण्यासाठी दरमहा एक मोठे चित्र वर्गणीदारांना देण्याची योजना चालवली होती, तिच्यात हे चित्र निघाले. दुकानाच्या खिडकीत ते लागले तेव्हा लोक गर्दी करून पाहत राहिले. पोलिसांनी मिळतील त्या प्रती आणि मूळ दगडही जप्त केला. तरी काही प्रती वाचल्या. ती गल्ली पुढे एका रुंद रस्त्यात विरून गेली, त्या सरकारातल्या बहुतेक मंत्र्यांची नावे विस्मरणात गेली. त्या खोलीतला तो माणूस मात्र आज जगभरच्या संग्रहालयांत आहे.

वरिष्ठ वर्गांना मी हे चित्र दरवर्षी दाखवतो. दाखवू नये, मुलांच्या मनात सैन्याविषयी भलते काही येईल, असे मत असणारेही आहेत आणि त्यांच्या काळजीचा मी आदर करतो. तरी मी दाखवतो. तुमच्यापैकी अनेक जण उद्या गणवेशात असतील. अंधारात, अरुंद गल्लीत, आपला अधिकारी पडलेला पाहिल्यावर राग येणे माणसाला साहजिक आहे. त्या क्षणी बंदूक कोणावर रोखायची आणि कोणावर नाही, हे ज्याला कळते तो सैनिक. ज्याचे भान सुटते तो नुसता हत्यार हातात असलेला माणूस. शिस्त शिस्त म्हणून आपण जे रोज सकाळी मैदानावर घोटतो, त्याचा खरा उपयोग अशा मिनिटभरासाठी असतो. दोमियेने सैनिकांना राक्षस म्हणून रंगवले असते तर आपण ते चित्र विरोधकाचे म्हणून बाजूला ठेवले असते. त्याने केवळ परिणाम दाखवला, म्हणून ते टाळता येत नाही.

१८३५ च्या जुलैमध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला. राजा वाचला, पण सरकारला निमित्त मिळाले. सप्टेंबरमध्ये कडक कायदे आले. यापुढे कोणतेही चित्र छापण्यापूर्वी सरकारी मंजुरी हवी. ‘ला कारिकातूर’ त्याआधीच बंद पडले होते. राजकीय व्यंगचित्राचा दरवाजा बंद झाला आणि दोमियेला दुसरा रस्ता शोधावा लागला. तो रस्ता त्याच्या घराबाहेरच होता.

फिलिपाँचे दुसरे पत्र ‘ल शारिवारी’ रोज निघत होते. शारिवारी म्हणजे एखाद्याची फजिती करण्यासाठी त्याच्या दारात थाळ्या-पातेली बडवून केलेला गोंगाट. आपल्याकडच्या शिमग्याची आठवण यावी असा. या पत्रासाठी दोमियेने पॅरिसचे रोजचे जीवन काढायला घेतले. सुरुवात केली रोबेर माकेर या पात्रापासून. हा मूळचा रंगभूमीवरचा एक बदमाश. दोमिये आणि फिलिपाँ यांनी त्याला शंभर चित्रांत शंभर धंदे करायला लावले. कधी तो वकील, कधी डॉक्टर, कधी बुडीत कंपनीचे शेअर विकणारा, कधी वर्तमानपत्राचा मालक. कोट मोठा, गळ्याभोवती जाडजूड रुमाल, बोलणे गोड आणि समोरच्याचा खिसा हलका. राजाला ठग म्हणायला बंदी होती. मग ज्या समाजात ठगाला मान मिळतो, तो समाजच दोमियेने चित्रात आणला. कायद्याला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही.

त्यानंतरच्या मालिका तर रस्त्यावरच्या माणसांचा मेळावाच आहेत. न्यायालयातील लोकांच्या मालिकेत लहानपणी पाहिलेले ते वकील परत भेटतात. न्यायाधीशांपुढे अश्रू ढाळणारे, एकमेकांशी तावातावाने भांडून बाहेर आल्यावर हातात हात घालून जेवायला जाणारे. घरमालक आणि भाडेकरूंच्या मालिकेत गळकी छपरे आहेत आणि लहान मुले नको म्हणणारे मालकही आहेत. रविवारी सहकुटुंब गावाबाहेर हिरवळ शोधायला निघालेले आणि धुळीने माखून परतलेले गृहस्थ आहेत. सेन नदीतल्या स्वस्त स्नानगृहांत पोट आत ओढून उभे राहिलेले पुरुष आहेत. नॅशनल गार्डमध्ये सक्तीने पहारा करणारे दुकानदार आहेत, ज्यांच्या गणवेशाची बटणे पोटावर तटतटलेली आणि शिरोभूषण कानांवर आलेले. ती चित्रे दाखवली की आमचे कॅडेट सर्वांत जास्त हसतात, आणि मग हळूच आपापला पट्टा सरळ करतात.

या चित्रांखालचे मजकूर बहुधा दुसरेच कोणी लिहीत. दोमियेचा भर देहावर होता. खांदे कसे पडले आहेत, मान कोणत्या बाजूला झुकली आहे, हात कोठे ठेवावा हे न कळून माणूस कसा अवघडला आहे, एवढ्यावरून सगळी गोष्ट कळते. मजकूर झाकला तरी चित्र बोलते.

त्याच्या साऱ्या चित्रांची मी भलामण करणार नाही. १८४४ मध्ये त्याने लेखन-वाचन करणाऱ्या स्त्रियांवर एक मालिका काढली. बाई लेखणी घेऊन बसली आणि घरात मुलाचे हाल झाले, अशा धर्तीची ती चित्रे आहेत. रेखाटन उत्तम, पण दृष्टी त्या काळच्या सर्वसाधारण नवऱ्याची. आज सैनिकी शाळांत मुलीही कॅडेट म्हणून येत आहेत. त्यांनी ही मालिका अवश्य पाहावी आणि तिच्यावर उलट चित्रे काढावीत. राजाची भीती न वाटणारा माणूसही आपल्या काळाच्या समजुतींपासून पूर्ण सुटत नाही, हे त्यातून कळते.

१८४६ मध्ये त्याने अलेक्सांद्रीन या शिवणकाम करणाऱ्या मुलीशी लग्न केले. सेन नदीतल्या सेंत-लुई बेटावर त्यांचे बिऱ्हाड होते. कचेरीतून दगड घरी येत, चित्रे काढून झाली की छापखान्यात जात. प्रती निघाल्या की दगड घासून पुन्हा कोरा करत आणि त्यावर पुढचे चित्र काढत. म्हणजे त्याचे मूळ काम रोज पुसले जात होते आणि कागदच तेवढे उरत होते. वरच्या मजल्यावरून त्याला नदीकाठ दिसे. ओल्या कपड्यांचे गाठोडे एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने लहानग्याला धरून दगडी पायऱ्या चढणारी धोबीण त्याने तेथेच पाहिली असावी. पुढे त्याने ती तैलरंगात रंगवली. तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, दिसते ते तिचे ओझे आणि मुलाच्या पायरीला सावकाश झालेले तिचे पाऊल.

१८४८ मध्ये लुई-फिलीपला पळून जावे लागले आणि प्रजासत्ताक आले. पण ते टिकले नाही. नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन सत्तेच्या दिशेने सरकू लागला. त्याच्यासाठी गल्लोगल्ली दंडुके घेऊन फिरणारे हस्तक होते. दोमियेने त्यांचा एक नमुना घडवला आणि त्याला रातापोआल हे नाव दिले. अंगात फाटका लांब कोट, चेपलेली उंच टोपी, टोकदार मिशा, मागे वाकून सोट्यावर रेललेला. त्याचा पुतळा पाहिला की दादागिरीचे सगळ्या काळांतले आणि सगळ्या गावांतले सोंग ओळखू येते. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली, चित्रांवर पुन्हा निर्बंध आले आणि दोमिये पुन्हा रस्त्यावरच्या माणसांकडे वळला.

दरम्यान शहर झपाट्याने बदलत होते. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते होत होते, घरे पाडली जाणारी माणसे हतबुद्ध होऊन पाहत होती. बायकांचे घेरदार झगे दारातून जाईनासे झाले होते. नादार नावाचा छायाचित्रकार बलूनमध्ये बसून हवेतून शहराची छायाचित्रे घेऊ लागला होता. १८६२ मध्ये दोमियेने त्याला कॅमेरा रोखत वाऱ्यावर लटकलेला दाखवला. हवाई टेहळणीचा अभ्यास तुम्ही पुढे कराल तेव्हा हे चित्र आठवा.

आणि आगगाडी होती. दोमियेने रेल्वेची कितीतरी छापचित्रे काढली आणि मग ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ हे प्रसिद्ध तैलचित्र रंगवले. त्याची एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कठीण लाकडी बाक, समोर टोपलीवर हात ठेवून बसलेली म्हातारी, शेजारी बाळाला पाजणारी आई, झोपलेला मुलगा. मागे टोप्यांची दाटी. या चित्रात थट्टा नाही. ते त्याने रंगवले तो काळ १८६२ ते १८६४ च्या आसपासचा. तेव्हा आपल्या जबलपूरकडे दोन बाजूंनी रूळ येत होते. १८६७ मध्ये अलाहाबादकडून गाडी येथे पोहोचली आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडचा मार्ग तिला जबलपुरातच जोडला गेला. मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले ते आपल्या गावात. मग आपल्याकडेही तिसऱ्या वर्गाचे डबे आले, त्यांत तशाच म्हाताऱ्या, तशाच टोपल्या, तशीच पेंगणारी मुले. परदेशी चित्र म्हणून मी ते मुलांना दाखवतो, तेव्हा ती त्यात आपली आजी ओळखतात.

१८६० मध्ये ‘ल शारिवारी’ने त्याला कामावरून कमी केले. लोकांना तेच तेच चेहरे नकोसे झाले होते म्हणतात. तीन-साडेतीन वर्षे त्याची फार ओढाताण झाली, पण त्या काळात त्याने मनासारखी तैलचित्रे काढली. १८६३ च्या अखेरीस पत्राने त्याला परत बोलावले. युरोपात युद्धाचे ढग जमत होते. त्याने पृथ्वीचा गोल चारी बाजूंनी संगिनींच्या टोकांवर तोललेला दाखवला. १८७० मध्ये सरकारने मोठा सन्मान देऊ केला, तो त्याने गाजावाजा न करता नाकारला. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला. जानेवारी १८७१ मधल्या त्याच्या चित्रात नवे वर्ष एका बाईच्या रूपाने येते आणि समोर प्रेतांनी भरलेले मैदान पाहून तोंड झाकून घेते. ते चित्र त्रान्सनोनें गल्लीचेच मोठे रूप वाटते.

हळूहळू डोळे गेले. १८७२ नंतर दगड सुटला. पॅरिसबाहेर वाल्मोंदुआ या खेड्यात तो लहानशा घरात राहत होता. भाडे थकले तेव्हा कोरो हा मोठा निसर्गचित्रकार मित्र मदतीला धावला आणि घर टिकले. १८७८ मध्ये मित्रांनी पॅरिसला द्यूरां-र्‍युएलच्या दालनात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. अध्यक्ष होते व्हिक्टर ह्यूगो. जाणकारांनी वाखाणले, पण खर्चही निघाला नाही. १० फेब्रुवारी १८७९ रोजी तो वारला. मागे सुमारे चार हजार शिळाछाप चित्रे, शेकडो तैलचित्रे आणि मातीची ती मंडळी राहिली. पुढच्या वर्षी त्याचे अवशेष पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत, कोरोच्या शेजारी नेण्यात आले.

त्याची परंपरा आपल्यापर्यंत कशी आली, तेही सांगायला हवे. १८४१ मध्ये लंडनला ‘पंच’ हे विनोदी पत्र निघाले, त्याने स्वतःला लंडनचे शारिवारी म्हणवून घेतले. त्याच्या धर्तीवर १८५४ मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ निघाले, त्याचेच पुढे ‘हिंदी पंच’ झाले. लखनौत १८७७ मध्ये ‘अवध पंच’ आले. दुसऱ्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा उभी राहिली आणि शिळाछापावरची चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर पोहोचली. आज वर्तमानपत्रात सकाळी जे व्यंगचित्र तुम्ही आधी पाहता, त्याची मुळे या सगळ्यांत आहेत.

कॅडेट मित्रांनो, बराकीत तुम्ही एकमेकांची आणि आम्हा शिक्षकांची चित्रे काढता हे मला ठाऊक आहे. काही माझ्याकडे पोहोचलीही आहेत. त्याला माझी हरकत नाही. एक नियम मात्र दोमियेकडून घ्या. त्याचे तिखट चित्र जवळजवळ नेहमी ताकदवानावर होते. धोबिणीकडे आणि तिसऱ्या वर्गातल्या आजीकडे वळताना त्याचा खडू मऊ झाला. नव्याने आलेल्या, घरच्या आठवणीने रडणाऱ्या लहान मुलाचे चित्र काढून फळ्यावर लावण्यात मर्दुमकी नाही. पुढच्या रविवारी बाहेर जायची परवानगी मिळेल तेव्हा सदर बाजारात किंवा बड्या फुहाऱ्याजवळ दहा मिनिटे एका जागी उभे राहा. मोबाईल खिशात ठेवा. एक माणूस निवडा, त्याचे उभे राहणे डोळ्यांत साठवा आणि शाळेत परतल्यावर आठवणीने काढा. चांगली निघालेली चित्रे माझ्याकडे द्या, पुढच्या अंकाच्या मराठी पानावर त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.